उडायला हरकत नसावी

पतंग हे विमान आहे. मी म्हणत नाही, १९३४ सालचा विमान अधिनियम म्हणतो. हवेच्या आधाराने वर राहू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे विमान, एवढ्यावर कायदा थांबला असता तर पतंग सुटला असता. पण व्याख्या लिहिणाऱ्या साहेबाला खुलासा करायची हुक्की आली आणि त्याने फुगे, ग्लायडर, हवाई जहाजे यांच्या पंगतीत पतंगालाही पाट मांडला. तेव्हापासून नव्वद वर्षे, संक्रांतीला गच्चीवर चढून 'ढील दे, ढील दे' म्हणून बोंबलणारा प्रत्येक पोरगा कायद्याच्या नजरेत विमान चालवत होता, फिरकी धरणारी त्याची बहीण सहवैमानिक होती, आणि पतंग शेजारच्या आजींच्या वाळत घातलेल्या नऊवारीवर कोसळला की तो रीतसर विमान अपघात होता.

या कायद्याखाली एखाद्या पोराला पतंगासह धरून नेल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे कायदा असणे आणि कायदा लागणे यांत बरेच अंतर असते, आणि बहुतेक जनता त्या अंतरातच संसार करते. आता तर तो कायदाही गेला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी 'भारतीय वायुयान अधिनियम' आला. नाव ऐकून वाटावे, की पुष्पकाचीही फेरनोंदणी करावी लागणार.

पतंगवाल्यांना हे अंतर लाभले. मॉडेल विमानवाल्यांना लाभले नाही.

ही जमात ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एखाद्या रविवारी पहाटे गावाबाहेरच्या पडीक माळावर जावे. तिथे काही पुरुष माना वर करून, तोंडे उघडी ठेवून उभे दिसतील. हातात ट्रान्समीटर, खिशात सेलोटेप. आठवडाभर हेच लोक कचेरीत मान खाली घालून असतात. विमान येते ते स्कूटरच्या मागच्या सीटवरून, म्हणजे जिथे बायकोने बसायचे तिथून, आणि खड्डा आला की तिच्यापेक्षा जास्त जपले जाते. विमान थर्माकोलचे किंवा सनबोर्डचे, श्रीमंताचे असेल तर बाल्सा लाकडाचे. बांधायला दोन महिने, उडायला चार मिनिटे आणि मग शेजारच्या उसाच्या फडात शोधायला अख्खी सकाळ. उसातून विमान घेऊन बाहेर येणाऱ्या माणसाला पाहून शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते कुठल्याही नियमावलीत बसणारे नाहीत.

यांतल्या अनेकांना हे वेड लागले एनसीसीत. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग आजही शिकवतात, त्याच्या स्पर्धाही होतात. म्हणजे सरकारच्याच एका खात्याने गणवेश आणि नाश्ता देऊन हे व्यसन लावले, आणि पोरे मोठी होऊन स्वतःच्या पैशाने विमाने बांधू लागली तेव्हा दुसऱ्या खात्याने विचारले, 'कोणाच्या परवानगीने?'

हा प्रश्न रस्त्यावर कसा येतो, तेही पाहण्यासारखे असते. मोटारसायकल थांबते. हवालदार उतरतात. सभ्य असतात, त्यांनाही रविवारच असतो.

"काका, हे काय चाललंय?"

"मॉडेल विमान आहे, साहेब."

"ड्रोन आहे का?"

"नाही हो, विमान. याला पंख आहेत, बघा ना."

"कॅमेरा आहे?"

"नाही, नाही. कॅमेरा अजिबात नाही."

"मग कशाला उडवताय?"

यावर अजून कोणाला उत्तर सुचलेले नाही. कॅमेरा असेल तर संशय आणि नसेल तर वेड, या दोहोंच्या मधली जागा पोलीस डायरीत नाही.

प्रकरण चिघळले २०१४ मध्ये. त्या मे महिन्यात मुंबईतल्या एका पिझ्झावाल्याने ड्रोनने गगनचुंबी इमारतीत पिझ्झा पोचवल्याची बातमी झळकली. पोलिसांनी चौकशी सुरू केली. मुंबईच्या वाहतुकीतून पिझ्झा गरम पोचला यातच काहीतरी बेकायदा असणार, असा संशय कोणालाही यावा. पुढे ७ ऑक्टोबर २०१४ ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली: नियम तयार होईपर्यंत कोणाही नागरिकाने मानवरहित विमान उडवू नये. नियम तयार व्हायला २७ ऑगस्ट २०१८ उजाडला आणि लागू व्हायला १ डिसेंबर. चार वर्षे आकाश स्वच्छ राहणार होते, निदान कागदावर. प्रत्यक्षात याच चार वर्षांत ड्रोनशिवाय लग्न लागेनासे झाले. अंतरपाट दूर होताच नवरानवरी एकमेकांकडे न पाहता वर पाहू लागली, आणि मामांनी नेम धरून टाकलेल्या अक्षता वधूवरांच्या डोक्याऐवजी पंख्याच्या वाऱ्याने कॅटररच्या डोक्यावर पडू लागल्या. त्या ड्रोनवाल्याला कोणी अडवले नाही. तो आमदारांच्या मुलीच्या लग्नात होता. अडवले ते उसातल्या थर्माकोलवाल्याला, कारण नियम विचारायला पोलीस ठाण्यात आपणहून गेलेला तोच एक होता.

२०१८ च्या नियमांनी ड्रोनचे वजनावरून पाच वर्ण केले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. नॅनोने पन्नास फुटांच्या आत राहावे. आमच्याकडचा नारळ त्याहून उंच जातो आणि त्याला नोंदणी क्रमांक नाही. वर एक मंत्र दिला: 'परवानगी नाही तर उड्डाण नाही'. ड्रोनने आधी सरकारी संगणकाला विचारायचे, त्याने हो म्हटले तरच मोटरी फिरायच्या. कल्पना म्हणून हे भव्य आहे. पण ज्या विमानाचा पंख धडाला रबरबँडने बांधलेला असतो, त्याने संगणकाला विचारायचे कशाने?

मग २०२० च्या संक्रांतीच्या तोंडावर, १३ जानेवारीला, आणखी एक सूचना निघाली: ज्यांच्याकडे बिननोंदणीचे ड्रोन असतील त्यांनी ३१ तारखेच्या आत आपणहून सांगावे. सांगणाऱ्याला एक पोच क्रमांक मालक म्हणून मिळेल आणि एक त्याच्या ड्रोनला मिळेल. शहाण्या मुलांसारखे आम्ही विमानवालेही रांगेत उभे राहिलो. खाली बारीक अक्षरात होते, की या क्रमांकांमुळे नियमात न बसणारा ड्रोन उडवण्याचा कसलाही हक्क मिळत नाही. तिळगूळ घ्या, पण खाऊ नका. आमच्या एका मित्राने तो क्रमांक चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला आहे. पाहुण्यांना तो कुठल्यातरी परीक्षेतला वाटतो.

पण खरे साहित्य निर्माण झाले १२ मार्च २०२१ ला. त्या दिवशी आलेल्या नियमावलीत २५ प्रकारचे अर्ज होते आणि ७२ प्रकारच्या फिया. बहात्तर! एवढ्या फिया आमच्या गृहनिर्माण सोसायटीलाही सुचलेल्या नाहीत, आणि तिथले सेक्रेटरी काही कमी कल्पक नाहीत. हे नियम साडेपाच महिने टिकले. अर्ज क्रमांक सातच्या सोबत अर्ज क्रमांक नऊची प्रत जोडायची की उलट, हे कळेपर्यंत नियमच रद्द झाले.

आणि ते कसे रद्द झाले, यातच या सगळ्या प्रकरणाची गंमत आहे. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. आमच्या माळावर त्या रविवारी कोणी ट्रान्समीटर बाहेर काढला नाही. आता घरातले टेबलफॅनही जमा करावे लागणार, असा सगळ्यांचा होरा होता. झाले उलटेच. तीन आठवड्यांत नवा मसुदा आला आणि २५ ऑगस्टला नवे ड्रोन नियम आले. अर्ज २५ वरून पाच, फिया ७२ वरून चार, नोंदणीला शंभर रुपये. दोन किलोपर्यंतचे यान हौसेने उडवायला परवाना नको. विमानतळाभोवतीचा, परवानगी लागणारा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून बारावर. आणि आमच्यासाठी एक स्वतंत्र व्याख्या: शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेले, पंचवीस किलोपर्यंतचे 'मॉडेल'. त्याला टाइप सर्टिफिकेट नको. 'करमणूक' हा शब्द राजपत्रात वाचून आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचा कंठ दाटून आला. बायकोने तीस वर्षांत जे मान्य केले नव्हते, ते भारत सरकारने मान्य केले होते.

आता हे आमच्या चळवळीचे यश म्हणावे, तर चळवळ कुठे होती? सरकारला २०३० पर्यंत देश ड्रोनउद्योगाचे जागतिक केंद्र करायचा होता. उद्योगवाल्यांकडे संघटना होती, दिल्लीत ऊठबस होती, सादरीकरणे होती. एसटीत आईच्या मांडीवर बसलेले पोर बिनतिकिटाचे जाते, तसे आम्ही उद्योगाच्या मांडीवर बसून आलो. अशा प्रवासात एकच धोका असतो. आईला जिथे उतरायचे असेल तिथेच उतरावे लागते.

ते ९ फेब्रुवारी २०२२ ला कळले. देशी उद्योग वाढावा म्हणून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. तयार आणायचा नाही, अर्धवट जोडलेला आणायचा नाही, पूर्ण सुटा केलेला संचही आणायचा नाही. सुटे भाग मात्र आणायला मुभा. आता सुटे भाग कुठे संपतात आणि सुटा ड्रोन कुठे सुरू होतो, हा प्रश्न अद्वैत वेदान्ताचा आहे. तो कस्टमच्या खिडकीवर सोडवायचा असतो.

विम्याचीही एक मौज आहे. नॅनो सोडून बाकी यानांना तृतीय पक्ष विमा हवा, आणि त्यासाठी लागू केलाय १९८८ चा मोटार वाहन कायदा. म्हणजे माझे नऊशे ग्रॅमचे थर्माकोल विमा एजंटच्या लेखी रिक्षाचा चुलतभाऊ झाले. एका एजंटांनी अतिशय गंभीरपणे विचारले होते, "काका, चासी नंबर सांगा."

वजनाच्या या खेळात शहाणपण दाखवले ते चिनी कंपनीने. बऱ्याच देशांत कायद्याची रेघ २५० ग्रॅमवर ओढली आहे हे पाहून डीजेआयने २०१९ मध्ये बरोबर २४९ ग्रॅमचा ड्रोन काढला. जपानमध्ये रेघ २०० वर होती, म्हणून तिथे बारकी बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा. पुढे जपानने रेघच १०० वर आणली. सरकार आणि कंपनी यांच्यातला हा डाएट प्लॅन पाहून आमच्यातल्या काहींनीही विमान वाण्याच्या तागडीत घालून पाहिले. वाण्याने विचारले, "कशाच्या भावाने लावू?"

अमेरिकेत मात्र आमच्या जमातीचा दबदबा होता. तिथली मॉडेल विमानवाल्यांची अकादमी १९३६ पासूनची, सभासद लाखाच्या वर. १९८१ मध्ये तिथल्या सरकारने या छंदासाठी सल्ल्याचा एक कागद काढला होता आणि तीस वर्षे त्या एका कागदावर सगळे चालले. २०१२ मध्ये अकादमीने जोर लावून संसदेकडून असे कलम करून घेतले, की छंदाच्या विमानांसाठी विमान वाहतूक खात्याने नवे नियमच करू नयेत. खात्याने २०१५ मध्ये तरीही नोंदणी सक्तीची केली, पाच डॉलर फी लावून. त्यावर एक छांदिष्ट, जो स्वतः वकील होता, न्यायालयात गेला आणि २०१७ च्या मे महिन्यात जिंकला. पाच डॉलरसाठी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयापर्यंत जाणारा हा माणूस मूळचा सदाशिव पेठेतला असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक ओळ घालून नोंदणी परत आणली, आणि पुढल्या वर्षी ते लाडके कलमच खोडले. २०२४ पासून तिथली बहुतेक विमाने उडताना रेडिओवरून स्वतःचा क्रमांक सांगत फिरतात. नाही म्हणायला अकादमीने आपल्या मैदानांपुरती सूट मिळवली आहे. संघटना असून हे हाल, आणि आम्ही तर माळावर चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरही ठराव करू शकलेलो नाही.

आपल्याकडे वकिली छंदाची होत नाही, व्यक्तीची होते. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचेच पाहा. त्यांचे विमान खरे, माणसे बसणारे. २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात गाजले, तरी नोंदणी होईना. शेवटी मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातले तेव्हा २०१७ मध्ये नोंदणी झाली, आणि विमानाला अक्षरे मिळाली व्हीटी-एनएमडी. एनएम म्हणजे कोण आणि डी म्हणजे कोण, हे वाचकांना सांगायला नको. आभाराची ही पद्धत मला आवडली, पण माझ्या विमानाचा पंख लहान आहे, त्यावर एवढी अक्षरे मावणार नाहीत. या बाबतीत भाग्यवान ठरले ते शिवकर बापूजी तळपदे. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित यान उडवले असे सांगतात. पुरावा काही मिळत नाही. पण आजच्या मुंबईत यान उडवले आणि पुरावा मागे ठेवला नाही, यासारखी अक्कल दुसरी नाही.

कारण मुंबईत दिल्लीचे नियम कितीही सैल झाले तरी पोलिसांचा मनाई आदेश असतो. ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमाने, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, सगळे एका दमात बंद. पूर्वी कलम १४४, आता नव्या संहितेचे १६३. साधारण महिनाभराची मुदत, आणि पुन्हा पुन्हा नवा आदेश. शहराच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, मुंबईने जे भोगले आहे ते पाहता कोणी त्याला हसू नये, मीही हसत नाही. फक्त एवढेच, की शहराच्या आकाशात शिरणारा अतिरेकी आधी आदेशाची मुदत पाहत नाही. ती पाहतो तो आठवीतल्या मुलाला बाल्साचे ग्लायडर करून देणारा बाप. पुण्यातही फार वेगळे नाही. सरकारच्या रंगीत नकाशावर हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत मोकळीक. पण एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए, त्यामुळे लाल-पिवळा रंग सढळ हाताने वापरलेला. हिरवे शोधत शोधत माणूस शेवटी उसात पोचतो.

आणि उसातही आता सुख नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड, जालना भागांतल्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशी हूल उठली. चोर टेहळणी करतात म्हणे. माणसे काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागली. त्या दिवसांत स्कूटरवर विमान बांधून गावातून जाणे शौर्यपदकाला पात्र होते. दिवसाउजेडी, कॅमेरा नसलेले, आवाज करणारे, पिवळेधमक विमान चोर कशाला वापरील, हा युक्तिवाद काठीसमोर फार वेळ करता येत नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास सरकार 'नमो ड्रोन दीदी' योजनेतून १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायला निघाले होते. चांगली योजना आहे. दीदींचे चांगले चालावे. पण त्यांच्या ड्रोनला औषध वाहून न्यायचे असते, म्हणून तो विकास. आमच्या विमानाला काहीच वाहायचे नसते, म्हणून तो संशय.

आता ताजे. १६ सप्टेंबर २०२५ ला सरकारने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात काही गुन्ह्यांना तुरुंगवासाची शिक्षा आहे, झडती आणि जप्तीचे अधिकार आहेत, आणि हरकती-सूचनांना मुदत होती ३० सप्टेंबरपर्यंत. म्हणजे मसुदा आला पितृपक्षात आणि मुदत संपली नवरात्रात. पितृपक्षात मराठी माणूस आकाशातल्या एकाच उडणाऱ्याला मान देतो, तो कावळा. बाकी उडणाऱ्यांचा विचार त्या पंधरवड्यात होत नाही. उद्योगवाल्यांनी ओरड केली, कारण त्यांच्याकडे ओरडायला पगारी माणसे आहेत. आमच्या माळावर मसुदा मोठ्याने वाचला गेला, सगळ्यांनी तीव्र निषेध केला, आणि मग वारा पडला म्हणून सगळे विमाने उडवायला गेले.

हे बरे नव्हे. ज्या पुणेकरांनी आयुष्यभर वर्तमानपत्रांना पत्रे लिहून व्याकरणाच्या चुका कळवल्या, त्यांना मंत्रालयाला एक ईमेल जड जाऊ नये. तेव्हा माझ्या विमानवाल्या बंधूंनो (भगिनी दोनतीनच आहेत, त्या आपली विमाने तुमच्यापेक्षा नीट उतरवतात), पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकत लिहा. मॉडेलची ती २०२१ ची व्याख्या नव्या कायद्यातही राहू द्या, एवढेच मागा. तिची छापील प्रत ट्रान्समीटरच्या पेटीत ठेवा आणि हवालदारसाहेबांना वाचायला द्या. त्यांनाही ती कोणी दिलेली नसते.

आणि राज्य सरकारला एक विनंती. तालुक्यातालुक्यात मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी केलेली हेलिपॅडे आहेत. दौरा झाला की त्यांवर शेळ्या बसतात. रविवारी सकाळी सहा ते नऊ ती आम्हाला द्यावीत. भाडे देऊ, वही ठेवू, शेळ्यांची समजूत आमची आम्ही काढू. मंत्र्यांचे हेलिकॉप्टर आलेच, तर आमची विमाने खाली घेऊ.